मुर्ध्यात गोरखचिंच लावायची तर

भाईंदर-वसई रो-रो बोट २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि वसईचा किल्ला आमच्या भाईंदरच्या मुर्धा-राई-मोर्व्याला एकदम शेजारी येऊन बसला. गाडीसकट बोटीत चढायचं, खाडी ओलांडायची, किल्ल्यापाशी उतरायचं. मंडळी उतरतात, चर्चच्या पडक्या भिंतींपुढे फोटो काढतात, परत फिरतात. एप्रिल-मेमध्ये जाल तर जरा झाडांकडेही बघा. आंबे, चिंचा, ताड आपापल्या हिरवाईत उभे असतात आणि त्यांच्यात मध्येच एखादं झाड असं दिसतं, की ते मेलंय अशी तुमची खात्रीच पटावी. करडा, गुळगुळीत, चार माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. त्यावर आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. पान एकही नाही. फक्त लांबलचक देठांना लोंबणारी, नारळाएवढी, मखमली लवेची फळं.

ही गोरखचिंच. जगात तिला बाओबाब म्हणतात, शास्त्राच्या वहीत अ‍ॅडॅन्सोनिया डिजिटाटा. मूळ गाव आफ्रिका. आपल्या चिंचेशी तिचं काडीचं नातं नाही. ती भेंडीच्या आणि जास्वंदीच्या कुळातली! घरच्या भेंडीचं आयुष्य चार महिन्यांचं, आणि तिची ही भाऊबंद हजार वर्षं ओलांडून जाते.

आता समजा, तुमच्या मनात आलं की हे झाड आपल्या मुर्ध्यात का नको? वसईला जगतं, तर खाडीच्या अलीकडे का नाही जगणार? प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की हे झाड एकेक करून आपल्या सगळ्या समजुती मोडीत काढतं. म्हणून म्हटलं, पहिल्यापासूनच सुरुवात करू. म्हणजे फळापासून.

झाडाखाली पडलेलं फळ उचला. हाताला मऊ लव लागते, ती झटका, कारण ती अंगाला खाजते. कवच लाकडासारखं कडक, दगडावर आपटल्याशिवाय फुटत नाही. फुटलं की पहिला धक्का बसतो. आत रस नाही! गर आहे, पण तो पांढरट, कोरडा, खडूसारखा ठिसूळ. त्याचे तुकडे तांबूस धाग्यांच्या जाळ्यात अडकलेले, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराची एक बी. तुकडा जिभेवर ठेवा. क्षणभर काही नाही, मग आंबट पीठ विरघळायला लागतं आणि तोंडाला पाणी सुटतं.

एरवी फळ पिकलं की रसाळ होतं, मग सडतं. हे फळ झाडावर लटकल्या लटकल्या आतल्या आत सुकतं. कवच बंद, ऊन वरून, आणि आत गराची पूड आपोआप तयार. ना वाळवण, ना गिरणी, ना हवाबंद डबा. गर आंबट आणि कोरडा, त्यामुळे जंतूंना तिथं थारा नाही. महिनोन्‌महिने टिकतो. युरोपीय संघानं २००८ साली या गराला नवं खाद्य म्हणून बाजारात यायची परवानगी दिली आणि तेव्हापासून तो छोट्या पाकिटांत मोठ्या किमतीला मिळू लागला. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण संत्र्यात पाणी आणि यात पाणीच नाही, तेव्हा शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम ही तुलना जराशी चलाखीचीच. ज्यांच्या परसात आवळा आहे त्यांनी एवढं दिपून जायचं कारण नाही.

खरी गंमत अशी, की कोकणाला हा गर औषध म्हणून युरोपच्या त्या परवानगीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. विल्यम डायमॉक हा मुंबईत सरकारी औषधभांडाराचा अधिकारी. त्यानं दोन सहकाऱ्यांबरोबर १८९०च्या सुमारास भारतातल्या औषधी वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात मुंबईकडची रीत नोंदलेली आहे: हगवण लागली, आव पडली तर गोरखचिंचेचा गर ताकात कालवून देतात. कोकणात दम्याला हाच गर अंजिराबरोबर, आणि पित्तानं अपचन झालं तर गराचं सरबत, जिरं आणि साखर घालून. आफ्रिकेतही तो पोटासाठी आणि तापासाठीच वापरतात. दोन किनारे, मध्ये अरबी समुद्र, आणि दुखणं-औषधाची जोडी तीच. (आज हगवण लागली तर डॉक्टरकडेच जा. जिऱ्या-साखरेचं सरबत मात्र उन्हाळ्यात कुठल्याही दुखण्याशिवाय प्यावं.) त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे, जी आमच्या बाजूच्या कोळी-आगरी वाचकांना आवडेल: गुजरातचे मच्छीमार ही फळं जाळ्याला तरंड म्हणून बांधत. कवच पाणी आत घेत नाही, फळ हलकं, मग बुडणार कसं?

आणि हा तरंगण्याचा गुण काही साधासुधा नाही. बाओबाबाच्या जगात आठ जाती. सहा एकट्या मादागास्कर बेटावर, एक आफ्रिका खंडात, आणि एक थेट ऑस्ट्रेलियात! ती तिथं कशी गेली? ही भूखंडं एकमेकांना चिकटलेली होती तो काळ फार जुना, बाओबाबाचं घराणं त्याच्या कितीतरी नंतरचं. म्हणजे रस्ता एकच, समुद्राचा. २०२४मध्ये आठही जातींची जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी म्हटलं की घराण्याचं मूळ मादागास्करचं, आणि तिथून प्रवाहांवर तरंगत काही फळं दूरच्या किनाऱ्यांना लागली असावीत.

मग वसईचीही तशीच वाहत आली का? तसं मानणारे होते. पण २०१५मध्ये भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या झाडांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली. भारतातल्या गोरखचिंचा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, विशेषतः मोझांबिककडच्या झाडांना जवळच्या निघाल्या. शिवाय त्या एकदा नाही, अनेकदा आल्या. आणि आल्या त्या माणसांच्या हातून, व्यापाराच्या वाटांनी.

हे कळलं की नकाशा बोलायला लागतो. गोरखचिंचा कुठं दिसतात? वसईच्या किल्ल्यात. मांडवगडावर, म्हणजे मांडूला, जिथं त्यांची फळं आजही रस्त्यावर विकायला मांडतात. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात, जिथला बुंधा एवढा अवाढव्य की लोकांनी झाडाचं नाव हत्तीवरून ठेवलं. किल्ले, बंदरं, दर्गे, मठ. जंगलात मात्र नाही! आफ्रिकेत हत्ती आणि बबून फळं खाऊन बिया लांबवर टाकतात. आपल्याकडच्या जंगलात तिच्यासाठी हे काम कुणी हाती घेतलं नाही. इथं ती जिथं जिथं उभी आहे, तिथं बहुतेक कुणीतरी बी आणलं, लावलं, राखलं. अरब व्यापारी, हबशी शिपाई, पोर्तुगीज, फकीर, जोगी, कोण कोण असतील! वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्याहून चालायचा. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांचा धनी एकच. एखाद्या खलाशाच्या कनवटीला चार बिया असणं यात नवल ते काय?

आता बी हातात घ्या. हिला मातीत पुरून पाणी घालत बसाल तर बहुतेक महिनोन्‌महिने काहीच होणार नाही. साल इतकी घट्ट की पाणी आत शिरत नाही. निसर्गात हे कुलूप हत्तीच्या पोटात, तिथल्या आम्लानं झिजून उघडतं. मुर्ध्यात हत्ती आणायचा कुठून? तर पॉलिश पेपरवर बीची एक बाजू हलकेच घासा, आतला फिका रंग दिसेपर्यंत. किंवा पाणी उकळवा, गॅस बंद करा, बिया त्यात सोडा आणि दिवस-रात्र तसंच राहू द्या. ज्या फुगल्या त्या जाग्या झाल्या असं समजा. न फुगलेल्या पुन्हा घासा. बोटाच्या एका पेराइतकं खोल, निम्मी माती निम्मी वाळू, उन्हाची जागा. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो, आणि सगळे एका दिवशी येत नाहीत, तेव्हा उरलेल्या फेकू नका.

या सगळ्यांनी एकदम न येण्यातही शहाणपण आहे बरं. कोरड्या मुलखात पहिला पाऊस दगा देतो. सगळ्याच बिया त्याला भुलल्या तर वंश बुडालाच. म्हणून काही या वर्षी, काही पुढच्या.

रोप उगवलं की दुसरी फसगत. मोठ्या झाडाचं पान पंजासारखं असतं, एका देठाला पाच-सात पर्णिका. रोपाची पहिली पानं मात्र साधी, एकेरी. ‘हे दुसरंच काही उगवलं’ म्हणून लोक उपटून टाकतात. थांबा. पुढं तीन पर्णिका येतात, मग पाच. बुंधाही सुरुवातीला अगदी सडपातळ, जाडीचा मागमूस नाही. पण जमिनीखाली बघाल तर चकित व्हाल: सोटमूळ फुगून गाजरासारखं जाड झालेलं असतं. आफ्रिकेत कोवळ्या रोपांची ही मुळं खातातही. वर काडी आणि खाली कोठार, अशी त्याची बाल्यावस्था. म्हणूनच रोपवाटिकेच्या छोट्या काळ्या पिशवीत ते फार काळ ठेवू नये. मूळ तळाला पोचून वेटोळं घालतं, आणि ते वेटोळं मग सुटत नाही.

पानं कोवळी असताना शेळ्यांपासून जपा. त्यांची चूक नाही, ती पानं चविष्टच असतात. पश्चिम आफ्रिकेत ती वाळवून, पूड करून कालवणात घालतात, आणि कालवण बुळबुळीत दाट होतं. भेंडीचं कूळ शेवटी!

यापुढं येतो तो हिवाळा, आणि बहुतेक हौशी माणसांची गोरखचिंच इथंच मरते. रोगानं नाही, मायेनं.

थंडी सरता सरता पानं पिवळी पडतात, गळतात, उरते नुसती काठी. माणूस घाबरतो, पाणी घालतो. पालवी नाही. आणखी घालतो. फुगलेलं मूळ त्या गार, ओल्या मातीत सडून जातं, आणि मे महिन्यात खरोखरच मेलेली काठी हाती येते. करायचं काय? काही नाही. पान गळलं की पाणी बंद. जीव आहे की गेला अशी शंका आली तर नखानं सालीचा पापुद्रा किंचित खरवडा. खाली हिरवं दिसेल. नुसती ओल नाही, चांगला पानाचा हिरवा रंग. झाडानं हरितद्रव्य सालीखाली पातळ थरात दडवलेलं आहे, आणि वर एक पान नसताना हे खोड स्वतःच थोडंफार ऊन खात बसलेलं असतं. मुंबई परिसरात वर्षातले कितीतरी महिने ते असंच चालतं. आपण ज्याला मेलेलं म्हणतो, ते आपलं काम करत असतं.

पण दर वर्षी एवढे महिने निष्पर्ण राहून हे जगतं कशावर? सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर: पोटात पाणी. बुंध्यात हजारो लिटर पाणी साठवलेलं, दुष्काळात झाड तेच पितं. शाळेच्या पुस्तकात हे असतं, माहितीपटात असतं. पाणी असतं हे खरं. गोरखचिंचेचं लाकूड हे लाकूड म्हणावं असं नसतंच, बहुतांश पातळ भिंतीच्या जिवंत पेशी आणि त्यांत पाणी. झाड कोसळून मेलं की काही काळात धाग्यांचा ओला लगदा उरतो. फळी निघत नाही, सरपण धड जळत नाही. कुऱ्हाडीपासून ते शतकानुशतकं वाचलं ते याच नालायकीमुळे.

पण ते पाणी झाड दुष्काळात पितं का? मादागास्करमधल्या बाओबाबांवर काही संशोधकांनी हे मोजायचं ठरवलं आणि २००६मध्ये निष्कर्ष छापले. पावसाआधी पालवी फुटताना बुंध्यातलं पाणी थोडं घटलं. म्हणजे नवी पानं उघडायला झाडानं स्वतःचं पाणी वापरलं. पण पानं उघडल्यावर त्यांची छिद्रं, ज्यांतून झाड श्वास घेतं आणि पाणी सोडतं, ती पाऊस येईपर्यंत झाडानं जवळपास बंदच ठेवली. साठा भरलेला असताना खर्च करायचा नाही! कारण?

कारण ते पाणीच झाडाला उभं धरतं. सायकलच्या ट्यूबमधली हवा काढली की ट्यूब लोळागोळा होते, तसंच. या लाकडाच्या पेशींना भिंतींची ताकद नाही, ताकद आतल्या पाण्याच्या दाबाची. ते पाणी पिऊन संपवलं तर एवढं थोरलं धूड आपल्याच वजनानं वाकेल. बुंधा इतका जाड का, त्याचंही उत्तर इथंच आहे. माल कच्चा, म्हणून खांब रुंद. ज्याला आपण पाण्याची टाकी समजत होतो तो खरं तर पाण्याचाच खांब निघाला.

मुर्ध्याच्या माणसाला यातून लगेच प्रश्न पडायला हवा. आफ्रिकेत हे झाड बहुधा कमी पावसाच्या माळरानांवर राहतं, आणि आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. मग वसईच्या गोरखचिंचा बुडून का मेल्या नाहीत? त्या उभ्या आहेत कशावर ते पाहा. चुना, दगड, पडक्या बांधकामाचा भराव, शेजारी वाळूचा किनारा. पाणी पडतं तितकं आणि निघून जातं तितकं. या झाडाला किती पडलं याचं फारसं सोयरसुतक नाही, किती साचलं याचं आहे. आणि पाऊस संपला की इथं सात-आठ महिने सलग कोरडे मिळतात. तिला हवा तसा संन्यास!

तेव्हा मुर्ध्यात जागा कुठली? मिठागराच्या बाजूची खाजण नको, तिथं भरतीचं पाणी मुळाशी येतं. ती जमीन तिवरांची, त्यांना ती सुखानं भोगू द्यावी. खारा वारा चालेल, झांझिबारपासून मोझांबिकपर्यंत ही झाडं समुद्राकाठीच वाढलेली आहेत. भातखाचरही नको. गावठाणातली उंच जागा, देवळामागचा किंवा शाळेजवळचा भराव, तिथं मुरूम आणि वाळू टाकून गुडघाभर उंचवटा करायचा आणि त्याच्या डोक्यावर रोप लावायचं. जुलैचं झोडपणं सरल्यावर, श्रावणात. मग त्याच्या पानांनी उरलेला पाऊस खावा आणि हिवाळ्यात निजावं. कुंपणाच्या भिंतीपासून लांब, पाइपलाइनपासून लांब. मोठेपणी हिची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात, झाडाच्या उंचीहूनही लांब. आज काठी दिसते म्हणून दोन इमारतींच्या फटीत लावाल तर नातवंडं शिव्या देतील.

नातवंडं म्हटलं खरं, पण या झाडापुढे वयाचा हिशेब कसा मांडायचा हाच मोठा गमतीचा भाग आहे.

१७४९ साली मिशेल अ‍ॅडॅन्सन नावाचा बावीस वर्षांचा फ्रेंच तरुण सेनेगलला गेला. किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्याला बाओबाब दिसले आणि त्यांच्या सालींवर आधीच्या शतकांतल्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावं दिसली. तेवढ्या काळात खोड किती वाढलं असेल याचा अंदाज बांधून त्यानं गणित केलं आणि मोठ्या झाडांना पाच हजारांहून जास्त वर्षांची करून टाकली. युरोपात खळबळ उडाली. झाडाला पुढं त्याचंच नाव मिळालं, आणि ताप येऊ नये म्हणून तो स्वतः याच झाडाच्या पानांचा काढा पीत असे. माणूस जिद्दीचा, पण गणित चुकलं होतं. बाओबाब तरुणपणी भराभर वाढतो, म्हातारपणी जवळजवळ थबकतो. दुष्काळात तर बुंध्याचा घेर चक्क कमी होतो! जाडीवरून वय काढणार कसं? वर्षाची वलयं मोजावी, तर ती पुसट, आणि मोठ्या झाडांची मधली जागा पोकळ.

ही पोकळी म्हणजे सर्वात मोठं आश्चर्य. इब्न बतूता १३५२मध्ये माली देशाकडे निघाला असताना वाटेत त्यानं एका झाडाच्या पोटात माग मांडून बसलेला विणकर पाहिला. एवढी खोली झाडात झाली कशी? सगळे समजत आले की आतलं लाकूड सडलं. रुमानियाचे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅड्रियन पात्रुत यांनी पोकळीच्या आतल्या भिंतीचे बारीक नमुने घेऊन त्यांतला किरणोत्सारी कार्बन मोजला. झाड आतून सडत गेलं असेल तर सगळ्यात जुनं लाकूड पोकळीच्या कडेलाच सापडायला हवं. पण कित्येक झाडांत उलटंच निघालं. पोकळीच्या कडेपासून भिंतीत शिरावं तसं लाकूड आधी जुनं होत जातं आणि मग पुन्हा नवं. आणि पोकळीला आतून साल होती!

साल तर झाडाला बाहेरून असते. म्हणजे ती आतली भिंत कधीतरी बाहेरच होती. एका मुळापासून अनेक खोडं वर्तुळात उगवली, जाड होता होता एकमेकांना चिकटली, एकजीव झाली, आणि मधली मोकळी जागा आत कोंडली गेली. तिथं काही सडलेलं नाही. तिथं लाकूड कधी नव्हतंच. आपण झाडाच्या पोटात शिरतो असं म्हणतो, पण खरं तर झाडांच्या रिंगणात उभे असतो.

याच पद्धतीनं उत्तर प्रदेशातल्या किंतूरचा प्रसिद्ध ‘पारिजात’, जो खरा बाओबाबच, सुमारे आठशे वर्षांचा ठरला. म्हणजे पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, यादवांच्या काळात, आफ्रिकेचं बी गंगेच्या मैदानात पोचलं होतं. झिंबाब्वेच्या पांके नावाच्या झाडाचं वय अडीच हजारांच्या आसपास निघालं. ते झाड २०११मध्ये मेलं. आणि ते एकटंच गेलं नाही. पात्रुत आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये लिहिलं की आफ्रिकेतल्या १३ सर्वात जुन्या बाओबाबांपैकी ९ आणि सर्वात मोठ्या ६ पैकी ५ त्याआधीच्या बारा वर्षांत पूर्ण किंवा अंशतः कोसळले. हवामानबदलाचा संशय त्यांनी बोलून दाखवला, सिद्ध झालं असं मात्र म्हटलं नाही.

वयाचा हा घोळ आपल्या दारातही आलाय. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष, आणि ते तोडायचंच झालं तर जेवढं त्याचं वय तेवढी नवी झाडं लावायची. कल्पना सुंदर आहे. पण गोरखचिंचेपुढे मोजपट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या कारकुनानं कागदावर आकडा कोणता लिहायचा? २०२४मध्ये सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरची गोरखचिंच मेट्रोच्या कामासाठी तोडली गेली तेव्हा बातम्यांत तिचं वय तीनशे वर्षं होतं. मुळात लाकडाचा कण घेऊन तपासल्याशिवाय तो आकडा शंभर असू शकतो, चारशेही असू शकतो. मला विचाराल तर एवढ्या अनिश्चिततेत फायदा झाडाला मिळावा.

आणि पडलेल्या झाडालाही लगेच सोडून देऊ नये. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या सवणूरला एका मठाच्या आवारात तीन अतिप्रचंड गोरखचिंचा होत्या. त्यांतली एक २०२३च्या जुलैत पावसात आडवी झाली. लोकांनी ती कापून नेली नाही, यंत्रं लावून पुन्हा उभी केली, आणि तिला पालवी फुटली. पाणी आणि साठा स्वतःच्या अंगात बाळगणाऱ्या झाडालाच हे परवडतं.

राहता राहिलं फूल. त्याची वाट पाहायला मात्र धीर हवा. बीपासून वाढवलेलं झाड पहिल्यांदा फुलायला बहुतेक दहा-पंधरा वर्षं घेतं, कधी वीसही. पावसाळ्याच्या तोंडाशी लांब देठांवर हिरवे, लिंबाएवढे कळे लोंबायला लागतात. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, कळा उकलतो. पाच जाड पांढऱ्या पाकळ्या मागं वळतात, आणि मधून शेकडो पुंकेसरांचा गोंडा खाली उतरतो. वास? अत्तरवाल्याला न आवडणारा, अतिपिकल्या फळाचा, किंचित कुबट. कारण तो आपल्यासाठी नाहीच. तो वटवाघळांसाठी आहे. रात्रीच्या अंधारात पांढरा रंग दिसतो, वास लांब जातो, आणि फूल फांद्यांच्या गर्दीपासून दूर खाली लोंबतं, म्हणजे पंखवाल्याला अडचण नको. वटवाघूळ गोंड्याला लटकतं, मध पितं, परागांनी माखून पुढच्या झाडावर जातं. सकाळ होईस्तोवर फूल तपकिरी पडायला लागतं आणि गळतं.

आफ्रिकेतली वटवाघळं वेगळी, आपली वेगळी. हजारो मैल दूर, परक्या खंडात उतरलेल्या या झाडाला इथली फळखाऊ वटवाघळं बिनबोभाट येऊन मिळाली. कुणी शिकवलं त्यांना? आणि ती एका रात्रीत कित्येक किलोमीटर उडतात, तेव्हा वसईचे पराग पलीकडच्या तीरावर यायला त्यांना कसलंच तिकीट लागणार नाही.

ते पराग यायलाच हवेत, कारण गोरखचिंच स्वतःच्या परागांनी सहसा फळ धरत नाही. एकटं झाड वर्षानुवर्षं फुलून निपुत्रिक राहू शकतं. घाई असेल त्यांनी फळणाऱ्या झाडाच्या फांदीचं कलम रोपावर बांधावं, फूल कितीतरी वर्षं आधी दिसतं. बाकीच्यांनी बियाच लावाव्यात, फक्त एकाच फळातल्या नकोत. दोन निरनिराळ्या झाडांच्या घ्याव्यात, रोपं दोन लावावीत, आणि मध्ये निदान चाळीस फूट मोकळे सोडावेत.